कोटेशनमधली शेवटची ओळ

जोडून घेतलेला पीसी : भाग ५

साताऱ्यात किंवा सांगलीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ‘गेमिंगसाठी पीसी असेंबल करून हवाय’ म्हणून कोटेशन मागा. कागदावर ओळी साधारण एकाच क्रमाने येतात : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर. प्रत्येकापुढे कंपनीचं नाव, मॉडेल आणि किंमत असते. सगळ्यात खाली एक ओळ असते, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. तिच्यापुढे कंपनी नसते, मॉडेल नसतं, वॉरंटीचा रकानाही बहुतेक वेळा कोराच असतो. गिऱ्हाईक वरच्या ओळींवर घासाघीस करतं, दोन-पाचशे कमी करून घेतं आणि समाधानानं निघतं. ज्या डब्यातून आधीच्या जवळजवळ सगळ्या पार्टांना वीज जाणार आहे, त्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

आजचा भाग त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. बजेट जितकं कमी, तितका एसएमपीएस आधी ठरवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ग्राफिक्स कार्ड नक्की झालं की लगेच दुसरा नंबर त्याचा. उरलेल्या पैशांत बाकीचं बसवायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

मागच्या दोन भागांत आपण १०८० पिक्सेलच्या मॉनिटरसाठी एक जोडी धरून चाललो होतो : रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं कार्ड. कार्डाची वीज कंपनीच्या कागदावर १३२ वॅट आहे, प्रोसेसरची ६५. पूर्ण ताण आला की प्रोसेसर त्याहून थोडी जास्त ओढतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून आणखी चाळीस-पन्नास धरा. सगळं मिळून अडीचशे ते पावणेतीनशे वॅट. एएमडी या कार्डासाठी किमान ४५० वॅटचा एसएमपीएस सांगते. मग दुकानदार म्हणतो, ‘आपला कॅबिनेटबरोबरचा ४५०चाच आहे की!’

तो डबा हातात घ्या आणि बाजूचं लेबल वाचा. त्यावर एक छोटा तक्ता असतो : ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली किती अँपिअर ते. आपल्या कामाचा रकाना १२ व्होल्टचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही त्याच्यावरच चालतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल, तर बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. वर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असलं तरी गेम चालवायला हाताशी आहेत ते एवढेच. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या डब्यावर याच रकान्यात ३६ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४३० वॅटच्या पुढे. दुकानात उभ्या उभ्या, मोबाइलवर एक गुणाकार करून हा फरक कळतो. तो केल्याशिवाय पैसे देऊ नका.

लेबलवर आणखी एक ओळ बघायची, ‘इनपुट’ची. तिथे १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल, तर त्यात बहुधा अ‍ॅक्टिव्ह पीएफसी आहे आणि व्होल्टेज उतरलं तरी तो तग धरतो. मागच्या बाजूला ११५/२३० असा लाल खटका असलेला डबा जुन्या पद्धतीचा. व्होल्टेज खाली गेलं की तो लवकर हात टेकतो.

आपल्या भागात हा मुद्दा बिनमहत्त्वाचा नाही. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आणि नियमानं त्यात सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या सदर बझारमध्ये बहुतेक वेळा या मर्यादेत भागतं. पण वाळवा, तासगाव, कोरेगाव, खटावकडच्या वस्तीवर, रोहित्रापासून लांब टोकाच्या घरात, शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू झाली की ट्यूबलाइट डोळे मिचकावते. तो क्षण पीसीसाठी परीक्षेचा असतो. चांगला एसएमपीएस वीज पूर्ण तुटली तरी आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद काढतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे तेवढंही पूर्ण होत नाही. स्वस्त डब्यात हे कपॅसिटर लहान असतात, आणि मग दिवा नुसता फडफडला तरी पीसी रीस्टार्ट होतो. मुलगा म्हणतो कार्ड खराब आहे, दुकानदार म्हणतो विंडोज परत टाकू.

इथेच इन्व्हर्टरचाही विषय येतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. पंखे आणि दिव्यांसाठी तो ‘नॉर्मल’वर ठेवलेला असतो. तिथे वीज गेल्यावर बॅटरीवर यायला वेळ लागतो; माणसाला कळत नाही, पण पीसी बंद पडायला तो पुरतो. ‘यूपीएस’ बाजूला बदल लवकर होतो आणि कमी व्होल्टेजही फार खाली जाऊ न देता इन्व्हर्टर मध्ये पडतो. म्हणून नवीन यूपीएस घेण्याआधी हा खटका तपासा, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना तेही. वेगळा यूपीएस घ्यायचाच असेल, तर ‘६०० व्हीए’ हा आकडा वॅट समजू नका. तो खरा ३६० वॅटच्या आसपासचा असतो. आपल्या जोडीला मॉनिटर धरून तो काठावर येतो. १००० व्हीएचा घेतला तर गेम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ निर्धास्त मिळतो.

आता अर्थिंग. या लेखमालेत मला सगळ्यात कळकळीनं सांगायची गोष्ट ही आहे, आणि ती कुठल्याही कोटेशनमध्ये येत नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत सर्रास ऐकू येते. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना पत्र्याशी जोडतात. तिसरी पिन जमिनीपर्यंत नीट पोचलेली असेल, तर त्यांतून झिरपणारी वीज निमूट जमिनीत जाते. पोचलेली नसेल, तर पत्र्यावर निम्म्या व्होल्टेजचा, सव्वाशेच्या आतबाहेरचा भार बसून राहतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर एखादी तार पत्र्याला टेकली, तर फ्यूज किंवा एमसीबी उडवणारी वाटच शिल्लक नसते. हा जिवाचा प्रश्न आहे.

अर्थिंगला जमीनही कारण असते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आणि आजूबाजूला हातभर खणलं की मुरूम, त्याखाली काळा कातळ. कातळातून वीज सहज जमिनीत उतरत नाही, म्हणून तिथे खड्डा खोल हवा आणि त्यात कोळसा-मीठ नीट भरलेलं हवं. सांगलीकडच्या काळ्या रानात ओल असेपर्यंत अर्थिंग उत्तम लागतं. पण उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि पट्टीभोवतीची माती सुटते. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात पाणी ओतायचं ही जुनी माणसं पाळत आलेली रीत अगदी बरोबर आहे. पीसी घरी आणायच्या आधी वायरमनला बोलवा आणि ज्या सॉकेटवर तो लावणार, त्याच सॉकेटचं अर्थिंग मीटर लावून बघायला सांगा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-चार व्होल्टपेक्षा फार जास्त दिसत असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. या कामाला येणारा खर्च आरजीबी पंख्यांच्या एका सेटच्या आसपासचा असतो.

उष्णतेचंही असंच. ‘८० प्लस ब्राँझ’ शिक्का म्हणजे निम्म्या लोडवर ८५ टक्के कार्यक्षमता. पीसीला २८० वॅट हवे असतील, तर असा डबा भिंतीतून सुमारे ३३० घेतो आणि ५० वॅट उष्णता करतो. ७० टक्क्यांवर चालणारा डबा ४०० घेतो आणि १२० वॅट नुसते तापवण्यात घालवतो. सांगलीत मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीत असतो, खोली पत्र्याखालची असते आणि पीसी टेबलाखालच्या कप्प्यात कोंबलेला असतो. म्हणून कॅबिनेट घेताना समोर काच नको, जाळी हवी. काचेचं तोंड फोटोत छान दिसतं, पण हवा अडवते. जाळीतून धूळ येते हे खरं. तिच्यामागचा फिल्टर काढून पंधरा दिवसांनी झटकायचा.

एवढं सगळं बजेटमध्ये बसवायचं, तर कुठेतरी हात आखडावा लागणार. माझ्या मते प्रोसेसर आणि बोर्डावर. एएम४ सॉकेट २०१६ पासून चालत आलंय. नव्या एएम५वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव अचानक चढले. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की मायक्रॉननं त्या डिसेंबरमध्ये ‘क्रूशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी कुणाकडे जुन्या पीसीतली डीडीआर४ असेल, तर ती वापरता येणारा एएम४ बोर्ड हाच शहाणपणाचा व्यवहार आहे. बोर्ड साधा चालेल. एसएसडी ५०० जीबीची चालेल. रंगीत दिवे मुळीच नकोत.

घरात पैसा ऊसबिलाच्या हप्त्यांनी येत असेल, तर पीसीही हप्त्यांनी जोडता येतो. पहिल्या हप्त्यात ५६००जी, बोर्ड, ८-८च्या दोन रॅम आणि पूर्ण ताकदीचा एसएमपीएस. या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. त्यावर व्हॅलोरंट आणि जुना जीटीए ५ सेटिंग उतरवून खेळता येतात. रॅम दोन पट्ट्यांतच घ्यायची, कारण आतल्या ग्राफिक्सला तीच मेमरी वापरावी लागते आणि एका पट्टीवर तिचा वेग निम्मा होतो. कार्ड पुढच्या हप्त्यात. यात एक मेख आहे : ५६००जीमध्ये कॅश ५६००च्या निम्मी, १६ एमबी, आणि कार्डाशी त्याचं बोलणं पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीतलं. त्यामुळे नंतर आरएक्स ६५०० एक्सटी घ्यायचा मोह टाळा. त्या कार्डाला चारच लेन आहेत आणि तिसऱ्या पिढीच्या बोलण्यात त्याचा वेग बराच मार खातो. ६६००ला आठ लेन असल्यामुळे त्याचं नुकसान थोडं होतं. दुसरीकडे, आय३-१२१००एफसारखा शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर हप्त्याहप्त्याच्या बेतात चालत नाही. कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही.

सेकंड हँड कार्ड घ्यायला माझी ना नाही. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि त्यानंतर जगभर वापरलेली कार्डं बाजारात आली. त्यातली कित्येक अजून धावतात. पंखा आणि थर्मल पेस्ट बदलावी लागते इतकंच. आपल्या भागात मात्र एक वेगळी तपासणी हवी. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. तळमजल्यावरची दुकानं आणि घरं दोन्ही वेळा पाण्यात होती. पाण्यातून निघालेला पार्ट धुऊन-वाळवून चालूही होतो आणि काही महिन्यांनी दगा देतो. म्हणून कार्डाच्या मागच्या पत्र्याचे स्क्रू बघा, त्यांच्या खाचांत गंज आहे का. हीटसिंकच्या पात्यांच्या आत टॉर्च मारा. गाळ तिथे चिकटून राहतो, ब्रशनं निघत नाही. बोर्डाच्या स्लॉटच्या कडेला पांढरी पूड दिसली तर सौदा सोडा. एसएमपीएस मात्र जुना घेऊच नका, कितीही ओळखीच्या माणसाकडचा असला तरी. त्याचे कपॅसिटर वयानं कमजोर होतात आणि ते बाहेरून कळत नाही.

चौथ्या पिढीचा आय७ घालून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकले जाणारे जुने ऑफिसचे डबे हाही एक सापळाच आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० व सिक्युअर बूट लागतात.

खरेदी गावातच करायची की पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन, हे मी किमतीवर ठरवणार नाही. शे-पाचशेचा फरक जाण्यायेण्यात जातो. ठरवायचं ते जीएसटीच्या बिलावर. बिलावर प्रत्येक पार्टाचा सीरियल नंबर आला पाहिजे, एसएमपीएसचासुद्धा. पार्ट बिघडला तर तो बहुधा पुण्या-मुंबईच्या सर्व्हिस सेंटरलाच जातो. तो आपल्या वतीनं पाठवायला आणि परत मागवायला गावातला दुकानदार तयार असेल, तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत. कोटेशन परत त्याच्या हातात द्या आणि ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ ही ओळ खोडून तिच्या दोन ओळी करायला सांगा, कंपनी आणि मॉडेलसकट.

पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष जोडणी : बोर्डावर प्रोसेसर बसवण्यापासून पहिल्यांदा बायोसचा पडदा दिसेपर्यंत. त्यासाठी एक चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब आणि सतरंजी नसलेलं लाकडी टेबल तयार ठेवा. आणि वायरमनचं काम त्याआधी उरकून घ्या.