शब्दांची वही घरोघरी हवी

कामण येथील आपल्या कष्टकरी कुटुंबांतील मुलेही आता सेमी इंग्रजीत शिकतात. प्रकाशसंश्लेषण पुरते समजलेले मूल प्रश्नपत्रिकेत ‘फोटोसिंथेसिस’ पाहून अडते. विज्ञान येत असूनही शब्दासाठी गुण जातात, याचे आम्हांला वाईट वाटते.

याला शिकवणीच लागते असे नाही. एक वही करा. रोज धड्यातले पाच शब्द घ्या. एका बाजूस इंग्रजी, दुसऱ्या बाजूस मराठी. शब्द फोडून पाहा : फोटो म्हणजे प्रकाश, थर्मो म्हणजे उष्णता. ग्रीकमधून आलेल्या फोटो, फॉस्फरस, फिजिक्स या शब्दांतला ‘फ’ पी-एचने लिहितात, हे एकदा कळले की तिन्ही स्पेलिंग सोपी होतात.

आईला इंग्रजी येत नसले तरी चालेल. मुलाने न पाहता लिहावे, आईने पुस्तकाशी एकेक अक्षर ताडून पाहावे. चुकलेला शब्द उद्या पुन्हा लिहावा.

बाबासाहेबांनी पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती अर्थ देणारा कोश स्वतः रचला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात छापला. एवढ्या मोठ्या विद्वानानेही भाषा शब्दाशब्दानेच जमवली. तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात वंदनेनंतर मुलांच्या या वह्या उघडाव्यात, अशी आमची विनंती आहे.