फ्यूज पुन्हा का उडाला?

मित्रांनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या डोळ्यांची तपासणी मुंबईला होती. सकाळी नऊला पोचायचं, म्हणून पहाटे तीनला नाशिकहून निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी दादानं गाडीचे दिवे लावून पाहिले. हेडलाइट लागले, पण मागचे लाल दिवे ढिम्म! फ्यूज उडाला होता. दादानं नवा बसवला, बटण फिरवलं आणि... टक्! तोही उडाला.

आता आली का पंचाईत! धो धो पाऊस, इगतपुरीचं धुकं आणि पुढे कसारा घाट. मागचे दिवे नसले, तर पाठीमागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपली गाडी दिसणार कशी?

द्वारकेजवळच्या एका गॅरेजात पोचलो, तेव्हा आठ वाजून गेले होते. सोबत दादाचा नववीतला मुलगा होता.

"चाचा, फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळा. आजची रात्र निभावून न्या," दादा म्हणाला.

चाचांनी मान हलवली. "भाऊ, दिवे लागतील की नाही ठाऊक नाही, पण गाडी नक्की पेटेल!"

"का हो चाचा?" पुतण्यानं विचारलं.

त्याचं उत्तर समजून घेऊ या. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची. तिचं एक टोक, म्हणजे निगेटिव्ह, गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेलं असतं. वीज वायरमधून बल्बपर्यंत जाते आणि बॉडीतून परत येते. 21 वॅटच्या बल्बमधून पावणेदोन अँपिअर प्रवाह वाहतो. बल्बचा रोध त्याला आवर घालतो. पण वायरचं प्लॅस्टिक घासून उघडं तांबं बॉडीला टेकलं, तर विजेला बल्बपर्यंत जायची गरजच उरत नाही. तिला आडवाट सापडते. हाच शॉर्ट सर्किट!

या आडवाटेवर रोध जेमतेम 0.1 ओहम असेल, तर प्रवाह किती? जर्मनीतले एक शिक्षक जॉर्ज ओहम यांनी 1827 साली मांडलेला नियम तुम्ही शाळेत शिकताच. 12 भागिले 0.1, म्हणजे तब्बल 120 अँपिअर! आणि प्रवाह दहापट झाला, तर वायरमधली उष्णता दहापट नाही, शंभरपट होते बरं का.

अशा वेळी फ्यूज स्वतः वितळतो आणि वाट तोडतो. त्याच्या जागी जाड तार घातली, तर ती वितळणार नाही. मग तापेल कोण? सीटखालून, गालिच्याखालून गेलेली लांबलचक वायर!

चाचांनी आधी त्या फ्यूजवर चालणारे सगळे बल्ब काढून ठेवले. मग फ्यूजच्या रिकाम्या खाचेत, दोन टोकांच्या मध्ये, 21 वॅटचा एक बल्ब जोडला. दिव्याचं बटण चालू करताच तो लख्ख पेटला.

"बघ बेटा, गाडीतले बल्ब तर माझ्या हातात आहेत. मग वीज जाते कुठे?" चाचा म्हणाले. युक्ती झकास होती! आता शॉर्ट असूनही पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहणार नव्हता. फ्यूजही वाया जाणार नव्हते.

पुतण्याला त्या बल्बवर नजर ठेवायला सांगून चाचा मागे गेले. डिकीकडे जाणारा वायरचा जोड त्यांनी सोडवला.

"विझला!" पुतण्या ओरडला.

म्हणजे दोष त्या जोडाच्या पुढे, डिकीच्या बाजूला! जोड पुन्हा लावून चाचांनी वायर वीतवीत हलवायला सुरुवात केली. बिजागरीपाशी हात येताच बल्ब लुकलुकला. पत्र्याच्या भोकातलं रबरी ग्रॉमेट केव्हाच गळून पडलं होतं. डिकी उघडताना-मिटताना वायर धारदार कडेवर घासत होती.

चाचांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. खराब तुकडा कापून नवा जोडला, डाग दिला, त्यावर नळी चढवली. भोकात नवं ग्रॉमेट बसवलं. बल्ब जागेवर गेले आणि शेवटी 10 अँपिअरचा लाल फ्यूज. बटण फिरवलं. मागचे दोन्ही दिवे लागले!

दोस्तांनो, पाती असलेल्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवा : 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. लालच्या जागी लालच हवा. पुन्हा पुन्हा फ्यूज उडत असेल, तर मोठा फ्यूज नको, दोष शोधायला हवा. मात्र घरच्या गाडीवर एकट्यानं प्रयोग करू नका. आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींमधल्या नारिंगी वायरींना तर हातच लावायचा नाही! त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

पहाटे कसारा घाटात धुकं इतकं दाट होतं, की पुढचा रस्ता दिसेना. एक ट्रक आमच्या मागून येत होता. घाट संपेपर्यंत तो बेतानं, अंतर ठेवून आला. त्याला आमचे दोन लाल ठिपके दिसत होते ना!