मामा, तुझा चेंडू पळाला!

दिवाळीच्या सुट्टीत सिंदी मेघेला घरी होतो. भाच्यासाठी एक छोटा गेम लिहायला घेतला. स्प्रिंगला टांगलेला चेंडू, सेकंदाला एक हेलकावा. घर्षण ठेवलंच नव्हतं, म्हणजे हेलकावा कायम तेवढाच राहायला हवा. पण दहा सेकंदांच्या आत चेंडू स्क्रीनबाहेर! सूत्रं तपासली, सगळी बरोबर. मग चुकलं कुठे?

वेग म्हणजे स्थितीचा त्या क्षणीचा बदलाचा दर. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा विचार केला, तो याच वळणाचा. पण कॉम्प्युटरकडे क्षण नसतो, फ्रेम असते, १/६० सेकंदाची. तेवढा वेळ आपण वेग स्थिर धरतो. ही ऑयलरची पद्धत:

नवी स्थिती = जुनी स्थिती + जुना वेग × फ्रेमचा काळ
नवा वेग = जुना वेग + जुन्या स्थितीचं त्वरण × फ्रेमचा काळ

आता हिशोब बघा. एका फ्रेममध्ये हेलकावा २ × ३.१४१६ ÷ ६०, म्हणजे ०.१०४७ रेडियन पुढे जातो. याचा वर्ग ०.०११. या पद्धतीत दर फ्रेमला ऊर्जा तेवढ्याच पटीत वाढते, १.१ टक्के. हे चक्रवाढ व्याज आहे! सेकंदाला १.९२ पट, दहा सेकंदांत जवळपास ७०० पट. फ्रेम दहापट लहान केली तरी सेकंदाला सुमारे ७ टक्के वाढ उरतेच.

उपाय सोपा आहे. आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने स्थिती बदला. बस्स. ऊर्जा थोडी वरखाली होते, पण साचत नाही. लू व्हर्ले यांनी १९६७ मध्ये आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल ज्या पद्धतीने काढली, तीही याच घराण्यातली.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या पीएचडीच्या कोडमध्येही त्या दोन ओळी जुन्याच क्रमाने होत्या! तिथे घर्षण होतं, म्हणून काहीच उडून गेलं नाही. फक्त घर्षण खऱ्यापेक्षा कमी दिसत होतं आणि आलेख छान गुळगुळीत येत होते. ते सगळे पुन्हा काढावे लागले.

म्हणून संशोधनाला लागण्याआधी एक सवय लावून घ्या. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत आहे, त्यावर आपला कोड चालवा. घर्षण शून्य करा आणि ऊर्जेचा आलेख काढा. गेममध्ये चूक झाली की भाचा लगेच सांगतो. थिसिसमध्ये ती आपल्यालाच शोधावी लागते.