पैसे आले, येत आहेत की येतील?

व्यापारी घरांतील मुलामुलींना इंग्रजी वाचन बहुधा जमते. व्यवहाराचे पत्र समोर आले की मात्र क्रियापद आडवे येते. पेढीवर परगावच्या ग्राहकाचा निरोप येतो, 'पेमेंट इज बीइंग मेड.' घाईत वाचणारा समजतो, रक्कम चुकती झाली. वस्तुतः 'हॅज बीन मेड' म्हणजे भरणा झाला, 'इज बीइंग मेड' म्हणजे भरणा चालू आहे आणि 'विल बी मेड' म्हणजे नुसता वायदा. 'मेड' तिन्हीकडे तेच. काळ सांगतात ते त्याआधीचे शब्द. तिकडे दुर्लक्ष करून माल सोडला, तर वसुलीचे खेटे घालण्याची वेळ येते.

गोंधळाचे मूळ बरेचसे मराठीतच आहे. 'मुनिमाने चिठ्ठी लिहिली' या वाक्यात क्रियापद चिठ्ठीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून मराठी व्याकरण त्यास कर्मणी प्रयोग म्हणते. शाळेत 'पॅसिव्ह व्हॉइस'चा अर्थही कर्मणी प्रयोग असाच सांगितला जातो. परंतु इंग्रजीत हे वाक्य सरळ कर्तरी होते : 'द क्लार्क रोट द लेटर.' 'पॅसिव्ह'ची खरी जोड 'चिठ्ठी लिहिली गेली' किंवा 'लिहिण्यात आली' या रचनेशी आहे. एवढा भेद ध्यानी आला, तरी निम्मे काम होते.

सरावासाठी गाइडांतील लांबलचक तक्ते पाठ करण्याची गरज नाही. त्यांतील काही रूपे व्यवहारात क्वचितच भेटतात. त्यापेक्षा रोजमेळातील एक नोंद घ्यावी. 'वुई सेल कॉटन' यावरून 'कॉटन इज सोल्ड', 'वॉज सोल्ड', 'हॅज बीन सोल्ड', 'विल बी सोल्ड' अशी वाक्ये मोठ्याने म्हणावीत. क्रियापदाचे तिसरे रूप स्थिर राहते, काळ फक्त 'बी'च्या रूपांत फिरतो. अकर्मक क्रियापदाला मात्र ही रचना लागत नाही. 'द गुड्स वेअर अराइव्ह्ड' ही चूक जुन्याजाणत्यांच्या पत्रांतही आढळते. तसेच 'काल माल पाठवला आहे' हे मराठीत खपते, पण 'येस्टरडे' आले की 'हॅव सेंट' चालत नाही, तेथे 'सेंट' एवढेच हवे. 'पाच वर्षांपासून धंदा करतो' यासाठी 'आय अॅम डूइंग' नव्हे, 'आय हॅव बीन डूइंग बिझनेस फॉर फाइव्ह इयर्स'.

कर्ता झाकणारी ही रचना सौजन्याचीही आहे. 'यू हॅव नॉट पेड द बिल' याने जुना ग्राहक दुखावतो. 'द बिल हॅज नॉट बीन पेड' यात तगादा असतो, पण बोट रोखलेले नसते. मात्र स्वतःच्या जबाबदारीबाबत हीच रचना पळवाट ठरते. 'डॅमेज्ड पीसेस विल बी रिप्लेस्ड' असे लिहिले, तर कोण बदलून देणार आणि केव्हा, हे ग्राहकाला कळत नाही. तेथे 'वुई विल रिप्लेस देम बाय फ्रायडे' असेच लिहावे, आणि शुक्रवारी माल पोहोचवावा.