सूर्याकडे पाठ, आभाळाशी गाठ

महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवर संध्याकाळी जा आणि आभाळ सोडून माणसांकडे बघा. सगळे मोबाइल पश्चिमेला. कुणी सूर्य चिमटीत धरतंय, कुणी तळहातावर तोलतंय. सूर्य बुडाला रे बुडाला की सगळी गर्दी मक्याच्या कणसाकडे. खरा खेळ नेमका तेव्हा पाठीमागे सुरू होतो. पूर्वेकडे तोंड करून दहा मिनिटं थांबा. आभाळ मोकळं असेल तर क्षितिजालगत निळसर राखाडी पट्टा हळूहळू वर चढताना दिसेल, आणि त्याच्यावर फिकी गुलाबी किनार. तो पट्टा ढगांचा वाटतो, पण ती असते आपल्या पृथ्वीची सावली, थेट हवेवर पडलेली. गुलाबी किनारीला पाश्चात्त्यांनी ‘शुक्राचा कमरपट्टा’ असं नाव दिलंय. शुक्राचा त्यात काडीचा संबंध नाही, पण नाव झकास आहे.

कळसूबाईवर (उंची १,६४६ मीटर) पहाटे धापा टाकत पोचलेली मंडळी हीच चूक उलट्या दिशेनं करतात. सगळ्यांची तोंडं पूर्वेला! पश्चिमेला हवा जराशी धुरकट असेल तर तिथे डोंगराची लांबच लांब सावली पडलेली असते, आणि ती दिसते त्रिकोणी. सपाट माथ्याच्या डोंगराचीही सावली शिखरावरून त्रिकोणीच दिसते. रेल्वेचे रूळ लांबवर एकमेकांना भेटल्यासारखे वाटतात ना, तसंच इथे सावलीच्या कडांचं होतं.

तानापिहिनिपाजा आणि जापानिहिपिनाता

शाळेत घोकलेलं तानापिहिनिपाजा आठवतंय? इंद्रधनुष्याच्या बाहेरून आत येताना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत हाच क्रम लागतो. आता पुढच्या वेळी मुख्य कमानीच्या वर नीट बघा. अनेकदा तिथे दुसरी, फिकी कमान असते आणि तिच्यात क्रम बरोबर उलटा: जापानिहिपिनाता. पहिल्या कमानीत उजेड थेंबाच्या आत एकदा परततो, दुसरीत दोनदा, म्हणून रंगांची ही उलथापालथ. दोन्ही कमानींच्या मधलं आभाळ आजूबाजूपेक्षा काळपट दिसतं. ही गोष्ट अफ्रोडिसियसच्या अलेक्झांडरनं सुमारे १,८०० वर्षांपूर्वी टिपून ठेवली. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता, तरी तो पट्टा आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो.

इंद्रधनुष्य शोधायची युक्ती सोपी आहे. सूर्य पाठीशी घ्या आणि स्वतःच्या डोक्याची सावली कुठे पडते ते बघा. त्या सावलीपासून ४२ अंशांवर तांबडा रंग. सूर्यच ४२ अंशांपेक्षा वर असेल तर ही सगळी कमान जमिनीखाली जाते. म्हणून आपल्याकडे जुलैत साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी चार आभाळात इंद्रधनुष्य शोधणं व्यर्थ; तेवढ्या वेळात जेवून घ्यावं. आणि हो, कमान तुमच्या डोक्याच्या हिशेबानं बसते, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या वहिनींना दिसतं ते इंद्रधनुष्य वेगळ्या थेंबांचं. भाऊबंदकीला इथे वावच नाही.

अख्खी कमान एका फोटोत हवी असेल तर मोबाइलवर ०.५ करा, कारण तिची रुंदी जाते ८४ अंशांपर्यंत. कॅमेऱ्यावर पोलरायझर फिल्टर लावणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. इंद्रधनुष्याचा उजेड ध्रुवित असतो. फिल्टर चुकीच्या कोनात फिरला की कमानीचा माथाच गायब.

तिसरं इंद्रधनुष्यही असतं, आणि ते सूर्याच्याच बाजूला उमटतं. इतकं पुसट, की त्याचा पहिला फोटो मिळायला २०११ साल उजाडलं. तो जर्मनीत मिखाएल ग्रोसमान यांनी काढला.

कोकणकड्यावरचं कडं

आता आपल्या घरचा मानकरी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं ‘इंद्रवज्र’ म्हणजे धुक्यावर उमटलेलं रंगीत गोल कडं, आणि त्याच्या बरोबर मधोमध तुमची स्वतःची सावली. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या हवामानावर लिहिलेला लेख १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यात या गडावरून पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्यांची नोंद आहे.

योग जुळून यायला तीन गोष्टी लागतात: दरीत काठोकाठ धुकं, कड्यावर मोकळी हवा आणि पाठीमागे खाली असलेला सूर्य. कडा आहे पश्चिमेला तोंड करून, म्हणजे सूर्य पाठीशी हवा तर सकाळच गाठायला हवी. संध्याकाळी कड्यावर जाऊन इंद्रवज्राची वाट बघणाऱ्यांना गरम भजी मिळतात, इंद्रवज्र नाही. साध्या इंद्रधनुष्याच्या मानानं हे कडं फारच छोटं असतं, जेमतेम काही अंशांचं. धुक्याचे अतिसूक्ष्म थेंब उजेड आल्या वाटेनं परत फेकतात, त्यातून ते तयार होतं. चौघं मित्र खांद्याला खांदा लावून उभे राहिले तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. देवादिकांच्या चित्रातल्या तेजोवलयाचा मान फुकटात! म्हणून फोटो काढताना ‘माझ्या भोवतीचं पण घे रे’ असं मित्राला सांगून उपयोग नाही. आपला फोटो आपणच काढायचा.

या रंगीत कड्यानं एकाला नोबेलपर्यंत नेलं. सी. टी. आर. विल्सन यांनी १८९४ साली स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर असाच देखावा पाहिला. तो प्रयोगशाळेत तयार करण्याच्या नादात त्यांनी मेघपेटी बनवली. तिच्यात अणूहून लहान कणांचे माग दिसू लागले आणि १९२७ साली नोबेल पारितोषिक घरी आलं.

समोरून बघायचं ते

सूर्याकडे किंवा चंद्राकडे तोंड करून बघायची मुख्य गोष्ट म्हणजे खळं. मळणीच्या गोल खळ्याला आणि चंद्राभोवतीच्या या वलयाला आपल्या भाषेत एकच शब्द, आणि आकार बघता तो चपखल आहे. हे वलय पाण्याच्या थेंबांचं नसून फार उंचावरच्या पातळ ढगांतल्या षट्कोनी बर्फकणांचं असतं, भर मे महिन्यातसुद्धा. २४ मे २०२१ला बंगळूरुच्या लोकांनी सूर्याभोवतीचं खळं पाहिलं आणि तासाभरात सगळ्यांचे मोबाइल त्याच फोटोंनी भरले. खळं ओळखायला हातातलं माप पुरतं: हात लांब करून वीत ताणा. अंगठा सूर्यावर ठेवला की करंगळी साधारण वलयावर पडते, म्हणजे २२ अंश. फोटो काढताना सूर्य विजेच्या खांबाआड किंवा देवळाच्या कळसाआड लपवा. डोळेही वाचतात आणि वलयही खुलतं.

चंद्राची तक्रार नेहमीची: कोजागिरीला मोबाइलच्या फोटोत तो ट्यूबलाइटसारखा पांढराफटक येतो. वास्तविक चंद्राची जमीन डांबरी रस्त्याच्या जवळपास जाईल इतकी काळपट आहे; अंगावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम १२ टक्के ती परत पाठवते. पण तिच्यावर भरदुपारचं ऊन असतं आणि मोबाइल भोवतीच्या काळोखाचा हिशेब धरतो. चंद्रावर बोट टेकवा, बाजूला येणारा छोटा सूर्य खाली ओढा, की डाग दिसू लागतील.

वीज हा वेगळाच मामला. जुने चित्रकार ती करवतीच्या दात्यांसारखी काढायचे. १८८२ साली फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचा फोटो काढला आणि दिसलं ते झाडाच्या मुळांसारखं फाट्यांचं जाळं. आपल्याकडे वळवाच्या पावसाआधीची संध्याकाळ यासाठी उत्तम. ट्रायपॉड, दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर आणि चिकाटी लागते. वीज बघून बटण दाबणाऱ्याच्या हाती काळा फोटो येतो. काढायचं ते घरातून किंवा काचा बंद केलेल्या मोटारीतून, आणि मोबाइलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवून. विजेची झेप बघा: २२ ऑक्टोबर २०१७ला अमेरिकेत टेक्सासच्या पूर्व भागापासून कॅन्सस सिटीजवळ पोचलेली एकच वीज ८२९ किलोमीटर लांब भरली. आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आहे ७०१ किलोमीटरचा.

मे २०२४च्या सौरवादळात लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आभाळात लाल प्रकाश टिपला. नुसत्या डोळ्यांनी तो दिसणं कठीण, कारण अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. कॅमेरा थेंबे थेंबे उजेड साठवतो आणि रंग बाहेर काढतो.

आणि गड चढायचा कंटाळा असेल तर सकाळच्या मुंबई-दिल्ली विमानात ‘ए’ची खिडकी मागा. विमान उत्तरेला, सूर्य उजवीकडे, म्हणजे विमानाची सावली तुमच्या बाजूच्या ढगांवर. तिच्याभोवती तेच कोकणकड्याचं कडं असेल. फोटो काढून मोठा करून बघा. कड्याचं केंद्र पंखाच्या मागे असेल तर तुम्ही शेपटाकडे बसलात, पुढे असेल तर महागड्या रांगेत.