३७ जणांना विंग्ज, ८,४४३ पदे रिकामी

१ जुलै २०२४ रोजी भारतीय लष्करात अधिकाऱ्यांची ५०,५३८ पदे मंजूर होती आणि प्रत्यक्षात अधिकारी होते ४२,०९५. म्हणजे ८,४४३ पदे रिकामी, तूट १६.७ टक्के. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात आलेल्या या हिशेबात वैद्यकीय आणि दंत शाखा धरलेल्या नाहीत. दर सहा पदांमागे एक पद रिकामे असलेल्या या दलालाच आपले हेलिकॉप्टर वैमानिकही पुरवावे लागतात.

लष्कराचा वैमानिक आधी लष्करी अधिकारी असतो, मग वैमानिक. लष्कराची हवाई शाखा, आर्मी एव्हिएशन कोर, १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वतंत्र झाली. त्याआधी हे काम तोफखान्याचे अधिकारी करत, कारण हवेतून तोफांचा मारा नेमका करून देणे एवढीच तेव्हा मुख्य गरज होती. आज वेगवेगळ्या शाखांतले अधिकारी स्वेच्छेने अर्ज करतात आणि निवड झाली की नाशिक रोडजवळ गांधीनगरला येतात. तिथल्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये २५ मे २०२२ रोजी ३७ अधिकाऱ्यांना विंग्ज, म्हणजे वैमानिक झाल्याचा बिल्ला, मिळाले. वैमानिकांच्या खात्यात ३७ जमा झाले, पण अधिकाऱ्यांच्या एकूण संख्येत एकाचीही भर पडली नाही. जो अधिकारी कॉकपिटमध्ये जातो, तो कुठल्या तरी पलटणीतून किंवा रेजिमेंटमधून उठून गेलेला असतो आणि त्याची जागा भरायला आधीच माणूस कमी आहे.

हवाई दलाची रचना वेगळी. खडकवासल्याच्या एनडीएत दर सहामाहीच्या तुकडीत ३७० जागा असतात: लष्कर २०८, नौदल ४२, हवाई दल १२०. हवाई दलाच्या १२० पैकी ९२ जागा उड्डाण शाखेच्या, म्हणजे तुकडीतला जवळजवळ प्रत्येक चौथा कॅडेट पहिल्या दिवसापासून उडण्यासाठीच घेतलेला असतो. लष्कराच्या २०८ जागांवर असा शिक्का नाही. पदवीनंतर हवाई दलात उडायचे तर ‘एएफकॅट’ या प्रवेश परीक्षेला वयाची अट २० ते २४, आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती असेल तर २६.

हा दरवाजा बंद होतो त्या वयात लष्करातला दुसरा उघडतो. २०२२ च्या ३७ जणांत कॅप्टन अभिलाषा बराक होत्या, लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर. त्यांना कमिशन मिळाले सप्टेंबर २०१८ मध्ये आणि विंग्ज मे २०२२ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी. मधली तीन वर्षे आठ महिने हा त्यांच्या शाखाबदलाचा कालावधी. त्यातले प्रत्यक्ष प्रशिक्षण साधारण वर्षभराचे. त्यांची मूळ शाखा आर्मी एअर डिफेन्स, म्हणजे शत्रूची विमाने पाडणारी.

निवडीचा आकडा याच तुकडीच्या निमित्ताने बाहेर आला. तोवर या कोरमध्ये महिला अधिकाऱ्यांना हवाई वाहतूक नियंत्रण आणि जमिनीवरचीच कामे होती. २०२१ मध्ये उड्डाण खुले झाले तेव्हा १५ महिला अधिकाऱ्यांनी तयारी दाखवली आणि अभिरुची चाचणी व वैद्यकीय तपासणीनंतर दोघी उरल्या: १३.३ टक्के. पंधराच्या नमुन्यावरून सगळ्या लष्कराचे प्रमाण काढणे चूक ठरेल. इच्छुक असणे आणि पात्र ठरणे यांतले अंतर मात्र त्यातून दिसते.

ही अभिरुची चाचणी, पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट, पाठांतराने निघत नाही. एका भागात डायलवरचे काटे वाचून विमानाची स्थिती ओळखायची. दुसऱ्यात पडद्यावरचा सरकता ठिपका मध्यभागी धरून ठेवायचा. हातात दांडा, पायाखाली पेडल, आणि मधूनच लाल दिवा लागतो किंवा आवाज होतो, तोही तेवढ्यात बंद करायचा. हेलिकॉप्टरमध्ये काम याच जातीचे असते. डाव्या हातात कलेक्टिव्ह, उजव्यात सायक्लिक, पायाशी पेडल. एक हलवले की उरलेली दोन सावरावी लागतात. चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. अधिकारी भरतीची सीडीएस परीक्षा वयात बसेपर्यंत कितीही वेळा देता येते, एसएसबीच्या मुलाखतीलाही पुन्हा जाता येते. इथे एका सकाळी हात-पाय जुळले नाहीत तर विषय कायमचा संपतो. तूट असलेल्या दलाने फेरचाचणीचा विचार करायला हरकत नाही, असे वाटू शकते. पण चाचणी मोजते ते उपजत कौशल्य, सराव नव्हे, आणि दुसरी संधी दिली तर ती सरावच मोजू लागेल. नियम कठोर आहे, तर्कदुष्ट नाही.

मग अर्ज कशासाठी? पैशासाठी, असे उत्तर आकडे देत नाहीत. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये उड्डाण भत्ता दरमहा १०,५००-१५,७५० रुपयांवरून १७,३००-२५,००० रुपये झाला. वरच्या दरातली वाढ ५८.७ टक्के. कॅप्टनचे सुरुवातीचे मूळ वेतन ६१,३०० आणि लष्करी सेवा वेतन १५,५००, एकूण ७६,८००. त्यावर २५,००० म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांची भर. पण त्याच वेळी अधिकाऱ्यांचा सियाचीन भत्ता २१,००० वरून ४२,५०० झाला, वाढ १०२ टक्के. २०१७ च्या त्या दरांनी सियाचीनच्या ठाण्यावर बसणाऱ्याला उडणाऱ्यापेक्षा दरमहा १७,५०० रुपये जास्त. फरक एवढाच की सियाचीनचा भत्ता त्या नेमणुकीपुरता असतो, उड्डाणाचा उडत असेपर्यंत.

आता मागणीची बाजू. २८ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने १५६ ‘प्रचंड’ लढाऊ हेलिकॉप्टरांचे दोन करार हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी केले. किंमत करांशिवाय ६२,७०० कोटी रुपये, सरासरी एका हेलिकॉप्टरला ४०२ कोटी. त्यातली ६६ हवाई दलाची आणि ९० लष्कराची: लष्कराचा वाटा ५७.७ टक्के. २०२२ च्या कराराची ५ ‘प्रचंड’, २०२० च्या कराराची ६ अपाचे आणि मार्च २०२४ च्या कराराची २५ ‘ध्रुव’ धरली तर बेरीज १२६ होते. प्रत्येकात वैमानिकांच्या दोन जागा, म्हणजे २५२. एका जागेमागे एकच वैमानिक धरला, जे कोणतेही हवाई दल करत नाही, तरी ३७ च्या तुकड्या जवळपास सात लागतात.

चीता-चेतक या जुन्या हेलिकॉप्टरांवर उडणारे अनुभवी वैमानिक नव्या हेलिकॉप्टरांवर वळवता येतील आणि वळवले जातीलच. पण चीता-चेतक निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या जागीही हेलिकॉप्टरेच येणार आहेत. तूट मिटत नाही, एक जागा पुढे सरकते.

उसने मागायला शेजारीही सधन नाही. कॅगच्या अहवालानुसार हवाई दलात फेब्रुवारी २०१५ मध्ये ४८६ वैमानिक कमी होते, २०२१ अखेरीस ५९६: सहा-सात वर्षांत तूट २२.६ टक्क्यांनी वाढली. दरवर्षी २२२ प्रशिक्षणार्थी घ्यायची योजना होती, प्रत्यक्ष भरती तिच्याखाली राहिली. बेसिक प्रशिक्षणाच्या ६४ पिलाटस विमानांपैकी १६ विमानांत २०१३ ते २०२१ या काळात इंजिन ऑइल गळतीच्या ३८ घटना घडल्या. तोही एक अडसर.

पैशाची टंचाई म्हणावी तर तशी दिसत नाही. तिन्ही दलांच्या ‘विमाने व विमान इंजिने’ या शीर्षाखालची तरतूद २०२४-२५ च्या ४०,२७८ कोटींवरून २०२५-२६ मध्ये ४८,६१४ कोटी झाली. एका वर्षात २०.७ टक्के वाढ. याउलट वैमानिक हजर आणि विमान गैरहजर, असेही घडले आहे. जोधपूरला अपाचेंचे स्क्वॉड्रन मार्च २०२४ मध्ये उभे राहिले आणि पहिली तीन अपाचे भारतात पोहोचली २२ जुलै २०२५ रोजी. सोळा महिने स्क्वॉड्रन होते, हेलिकॉप्टर नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळल्यावर देशातली सुमारे ३३० ‘ध्रुव’ जमिनीवर ठेवली गेली. त्यातली १८० हून अधिक एकट्या लष्कराची. लष्कर आणि हवाई दलाच्या ‘ध्रुव’ना पुन्हा परवानगी मिळाली १ मे रोजी. जवळपास चार महिने त्या वैमानिकांचे उड्डाणतास थांबले होते.

नव्या १५६ ‘प्रचंड’चा पुरवठा करारांनुसार तिसऱ्या वर्षापासून सुरू होऊन पुढच्या पाच वर्षांत पूर्ण व्हायचा आहे. कमिशनपासून विंग्जपर्यंत पावणेचार वर्षे लागत असतील, तर आज अकादमीतून बाहेर पडणारा लेफ्टनंट पहिल्या हेलिकॉप्टरांसाठी उशिराच तयार होईल. त्या जागांवर बसायचे अधिकारी याच घडीला कुठल्या तरी पलटणीत नोकरी करत आहेत, आणि त्यांना सोडायचे की नाही हा निर्णय त्या पलटणींनी घ्यायचा नसून लष्कर मुख्यालयाने आत्ताच घ्यायला हवा.