जुन्या मोटारसायकली, तेलशीतक आणि परभणीचा उन्हाळा

मे महिन्यात परभणी, पाथरी, गंगाखेड या भागांत तपमान 42 अंशांपलीकडे जाते. तरीही येथील रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या बुलेट, जावा वा राजदूत 175 या गाड्यांना कारखान्यातून तेलशीतक, म्हणजे रूढ भाषेतील ‘ऑईल कूलर’, कधी बसविला गेला नाही. उलट, तुलनेने थंड अशा युरोपात 1985 साली आलेल्या सुझुकी जीएसएक्स-आर 750 ला तो मुळातच होता. तेलशीतकाची गरज हवामानावरून ठरते, हा समज त्यामुळे तपासून पाहावयास हवा.

जावा व राजदूत यांचा प्रश्न सरळ आहे. त्यांच्या द्विघाती इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. थंड करण्याजोगे फिरते तेल तेथे नसतेच.

चतुर्घाती इंजिनांची तुलना अधिक उद्बोधक ठरते. मद्रासला बनलेली जुनी बुलेट 346 घन सेंटिमीटरांतून सुमारे 18 अश्वशक्ती देई. बजाजच्या 2007 सालच्या पल्सर 200 ची शक्तीही जवळजवळ तितकीच, परंतु ती 199 घन सेंटिमीटरांतून. शक्ती समान म्हणजे बाहेर टाकावयाची उष्णताही स्थूलमानाने समान. मात्र ती लहान सिलिंडरात, अधिक फेऱ्यांनी निर्माण होते आणि तिला वाट देणारे पृष्ठफळ कमी असते. म्हणून पल्सरला तेलशीतक आहे, बुलेटला नाही. दोन्ही गाड्या एकाच बाजारपेठेच्या, एकाच उन्हाच्या. सुझुकीचेही तसेच: जपानी बाजारात तिची शक्ती 77 व निर्यातीत 100 अश्वशक्ती होती, परंतु तेलशीतक दोहोंतही होता.

याचा अर्थ हवामान निरर्थक आहे असा नव्हे. सिलिंडराची पंखपट्टी 180 अंशांवर असेल, तर हवा 20 वरून 44 अंशांवर जाताच तपमानातील फरक 160 वरून 136 होतो. घट 15 टक्के. तेल 110 अंशांवर धरल्यास हाच फरक 90 वरून 66 वर येतो. घट जवळजवळ 27 टक्के. तेलशीतकाची गरज ज्या दुपारी अधिक वाटते, त्याच दुपारी तो अधिक दुबळा होतो! जिंतूरकडील काळ्या मातीचा चिखल त्याच्या जाळीत वाळून बसला, तर ही घट आणखी वाढते.

जुन्या बुलेटला बाहेरून तेलशीतक जोडण्याचा मोह हौशी मालकांना होतो. तिचा तेलपंप अल्पशक्तीचा असून रॉकरांना तेल परतीच्या मार्गातूनच मिळते. तेथे लांब नळ्यांचा अडथळा घातल्यास वरच्या भागाचे वंगण घटण्याचा संभव असतो. शिवाय हिवाळ्यात परभणीची पहाट 10 अंशांखाली उतरते. तापनियंत्रक झडप नसल्यास अशा वेळी तेल पुरेसे तापत नाही, ज्वलनातून आलेले पाणी त्यात साचते आणि बेअरिंगे गंजू लागतात.